संगणकीय फसवणुकीतील आरोपीचा बचाव

महाराष्ट्रातील खातेदाराच्या बँक खात्यातून फसवणुकीची रक्कम पुढे गेली, तर त्याच्यावरील गुन्हा उज्जैनच्या माधवनगर पोलीस ठाण्यातही नोंदला जाऊ शकतो. कारण फसलेली व्यक्ती तेथील असते. परप्रांतात अटकेत पडलेल्या अशा आरोपीस, त्याचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ अन्वये मोफत वकील मागता येतो. हे पुष्कळांस ठाऊक नसते.

वकिलाने प्रथम कलमे पाहावीत. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-ड खालील तोतयेगिरीच्या अपराधास कमाल ३ वर्षे शिक्षा असून तो जामीनपात्र आहे. तथापि त्यासोबत भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) लावले असल्यास शिक्षा ७ वर्षांपर्यंत जाते व जामीन हक्काने मिळत नाही.

खरा वाद असतो तो पुराव्याचा. याबाबतचा प्रमुख निर्णय जालना येथील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतून उद्भवला, हे लक्षणीय आहे. नामनिर्देशनपत्रे मुदतीनंतर स्वीकारली गेली काय, हे निवडणूक कार्यालयातील चित्रफितींवरून ठरवावयाचे होते. परंतु वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी त्यांचे प्रमाणपत्र दिले नाही. अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणी १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, मूळ उपकरण हजर न करता त्यातील नोंदीची प्रत दाखल केल्यास प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र पक्षकाराने सर्व प्रयत्न करूनही ते मिळाले नसेल, तर त्यास सूट मिळते. प्रकरण निवडणुकीचे असले तरी नियम फौजदारी न्यायालयासही लागू आहे.

१ जुलै २०२४ पासून हा विषय भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आला. आता प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो, आणि त्यात नोंदीचे ‘हॅश’ मूल्य द्यावे लागते. नोंदीत एका अक्षराचा फरक पडला तरी हे मूल्य बदलते. जप्तीच्या वेळचे व न्यायालयातील मूल्य जुळते की नाही, हे बचावपक्षाने अवश्य तपासावे. केवळ प्रमाणपत्राच्या अभावावर मात्र विसंबू नये. खटला संपण्यापूर्वी ते दाखल करण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते.

कमिशनच्या लोभाने खाते दुसऱ्यास वापरू देणाऱ्याची बाजू अर्थातच दुबळी असते. त्यास फसवणुकीची जाणीव होती काय, हा प्रश्न उरतोच. आणि त्याचे उत्तर बहुधा त्याच्याच भ्रमणध्वनीतील संदेशांत सापडते.