माशाचे तेल आणि हृदयाचे आरोग्य

प्रस्तावना

औषधांच्या दुकानात माशाच्या तेलाच्या पिवळसर, पारदर्शक गोळ्या आपण पाहिल्या असतील. त्या हृदयाला हितकर आहेत, अशी त्यांची ख्याती आहे. ही ख्याती कशी निर्माण झाली आणि पुराव्याच्या कसोटीला ती कितपत उतरली, हे या पाठात पाहू.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण
• निरीक्षण व प्रयोग यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• आरोग्यविषयक दाव्याची पारख करू शकाल.

मूळ पाठ

1970 च्या सुमारास बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडमधील इन्युइट लोकांच्या रक्ताची तपासणी केली. सील, व्हेल आणि मासे हा त्या लोकांचा स्निग्ध आहार. तरीही त्यांच्यात हृदयविकार विरळ असल्याचे मानले जाई. संशोधकांनी त्याचे श्रेय सागरी आहारातील ओमेगा-3 मेदाम्लांना दिले. कल्पना आकर्षक होती. पण ते निरीक्षण होते, सिद्धता नव्हे. तेथील हृदयविकाराच्या नोंदीच अपुऱ्या होत्या, याकडे पुढील अभ्यासकांनी लक्ष वेधले.

निरीक्षणात अनेक कारणे एकत्र गुंफलेली असतात. ती वेगळी करण्यासाठी प्रयोग करावा लागतो. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे लोकांचे दोन गट पाडतात. एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, परंतु औषध नसलेली गोळी देतात. 2018 साली अशा दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये 15,480 मधुमेही व्यक्तींना आणि अमेरिकेत 25,871 प्रौढांना काही वर्षे रोज सुमारे 1 ग्रॅम तेलाची किंवा तुलनेसाठीची गोळी देण्यात आली. हृदयविकार व पक्षाघात यांसारखे गंभीर प्रसंग माशाच्या तेलाने लक्षणीयरीत्या टळले, असे दोन्हीकडे दिसले नाही.

रक्तातील ट्रायग्लिसराइड फार वाढल्यास डॉक्टर अधिक मात्रेत ओमेगा-3 औषध म्हणून देतात. परंतु मोठ्या मात्रेमुळे काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. म्हणून ते स्वतःच्या मनाने घेऊ नये.

याचा अर्थ मासे निरुपयोगी आहेत, असा नव्हे. बांगडा, तारली यांतून ओमेगा-3 बरोबर उत्तम प्रथिनेही मिळतात. शाकाहारी व्यक्तींना जवस व अक्रोड यांतून वेगळ्या प्रकारचे ओमेगा-3 मिळते. शरीर त्याचा थोडाच अंश सागरी प्रकारात बदलू शकते. खरा धोका वेगळाच आहे. गोळीवर भिस्त ठेवून एखादा रक्तदाबाचे औषध थांबवतो किंवा तंबाखू चालूच ठेवतो. असा खोटा दिलासा प्राणावर बेतू शकतो.

पाठगत प्रश्न

1. इन्युइट लोकांविषयीचे निरीक्षण पुरावा म्हणून अपुरे का ठरले?
2. तुलनेच्या गटाला औषध नसलेली गोळी का देतात?
3. आपल्या परिसरातील एखाद्या पौष्टिक उत्पादनाची जाहिरात वाचा. तिच्यातील दाव्याला कोणता पुरावा दिला आहे, ते पाच ओळींत लिहा.