बसफेरीचा हिशेब कसा मांडावा?

पेडणे व डिचोली हे आपले तालुके. येथील वाडे दूरदूर वसलेले, आणि महाविद्यालय, इस्पितळ, कचेरी यांसाठी म्हापसा किंवा पणजी गाठावी लागते. म्हणून जुन्या माणसांच्या तोंडी जिला ‘कारेर’ म्हणत ती बस आपल्या जीवनाचे एक अंगच होय. १९७८-७९ साली गोव्यातील विद्यार्थ्यांनी अर्ध्या तिकिटासाठी आंदोलन केले आणि १९८० साली कदंब वाहतूक महामंडळ स्थापन झाले. तेव्हापासून सरकारी व खाजगी अशा दोन्ही बसगाड्या आपल्या रस्त्यांवर धावत आहेत. ‘अमुक फेरी तोट्यात आहे’ हे वाक्य आपण वारंवार ऐकतो. हा तोटा मोजतात कसा, हे प्रत्येक नागरिकाने समजून घेतले पाहिजे.

प्रथम खर्च पाहू. तो दोन प्रकारचा असतो. डिझेल, टायर, तेल हा चालता खर्च; गाडी धावली तरच तो होतो. चालक-वाहकांचा पगार, विमा, गाडीची घसारा हा स्थिर खर्च. गाडी उभी राहिली तरी तो चुकत नाही. समजा, एक बस दिवसाला २०० किलोमीटर धावते. चालता खर्च किलोमीटरला २५ रुपये, म्हणजे ५,००० रुपये. स्थिर खर्च ७,००० रुपये. एकूण १२,००० रुपये, म्हणजेच सरासरी किलोमीटरला ६० रुपये.

आता तिची २० किलोमीटरची सकाळची एक फेरी ७०० रुपये मिळविते. सरासरीने तिचा खर्च १,२०० रुपये, तोटा ५००. मग ती बंद करावी काय? बंद केल्यास वाचतील फक्त चालत्या खर्चाचे ५०० रुपये, आणि बुडतील ७०० रुपये. म्हणजे तोटा २०० रुपयांनी वाढेल! गाडी व माणसे दुसऱ्या कामी लावता येत असतील, तरच हिशेब बदलतो.

दुसरे माप भारमानाचे. त्या बसला ५० आसने आहेत. २० किलोमीटरांत १,००० आसन-किलोमीटर झाले. तिकिटे ४० फाडली, म्हणून भारमान ८० टक्के म्हणणे चूक आहे. २० प्रवासी शेवटपर्यंत गेले व २० जण निम्म्या वाटेवर उतरले, तर प्रवासी-किलोमीटर ४०० अधिक २००, असे ६०० झाले. खरे भारमान ६० टक्के.

तिसरे माप विश्वासाचे. महिन्यात २५ फेऱ्या ठरल्या, २० सुटल्या, त्यांतील १५ वेळेवर. ‘सुटलेल्यांपैकी ७५ टक्के वेळेवर’ हे ऐकायला गोड. पण प्रवाशाला दिलेल्या शब्दापैकी ६० टक्केच पाळला गेला. प्रवासी वाट पाहतो ती ठरलेल्या फेरीची.

विद्यार्थ्यांच्या सवलतीची रक्कमही वेगळी मांडावी. तो शिक्षणावरील समाजाचा खर्च आहे. बसच्या माथी तो तोटा म्हणून मारणे न्यायाचे नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या बाजूच्या एका गावाची सकाळची फेरी अशीच बंद पडली. दहावी उत्तीर्ण झालेल्या माझ्या दोन विद्यार्थिनींना पुढच्या शाळेत वेळेवर पोहोचणे अशक्य झाले. वर्षभरात दोघींचे शिक्षण थांबले. तो तोटा कोणत्याही वहीत चढला नाही. त्या वेळी आम्ही अर्ज केला, पण अर्जात गाऱ्हाणे होते, आकडे नव्हते.

म्हणून सभासद बंधुभगिनींना माझी विनंती आहे. आपल्या थांब्यावर एक वही ठेवावी. महिनाभर बसची ठरलेली वेळ, आलेली वेळ, चढलेली व उतरलेली माणसे आणि त्यांतील विद्यार्थी एवढेच टिपावे. हे काम आठवीची मुलेही करू शकतील, आणि टक्केवारीचा धडाही त्यांना आयुष्यभर लक्षात राहील. पुढचा अर्ज त्या वहीसह जाऊ द्या.

सार्वजनिक पैसा ही अमानत आहे. तिचा हिशेब मागणे हा जसा आपला हक्क आहे, तसा तो नीट मांडता येणे हे आपले कर्तव्य आहे.