माजी सैनिकाच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती: अर्जाची कृती

फौजेतून पेन्शनवर आलेला जवान दारव्ह्याला किंवा उमरखेडला कापूस-सोयाबीन पेरतो आणि मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी सावकाराकडे जातो. हे टळू शकते. केंद्रीय सैनिक बोर्ड दरवर्षी ५,५०० पंतप्रधान शिष्यवृत्त्या देते, निम्म्या मुलींना, निम्म्या मुलांना. मुलीला महिन्याला ३,००० रुपये, मुलाला २,५०० रुपये.

सुरुवात बारावीच्या निकालानंतर करू नका, दहावी होताच करा. वडिलांचे डिस्चार्ज बुक काढा आणि त्यातले मुलीचे नाव व जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. गावाकडचे लाडाचे नाव फौजेच्या कागदावर चढलेले असते आणि शाळेत दुसरेच असते; अर्ज अडतो तो बहुधा इथेच. फरक असेल तर यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन दुरुस्तीचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडे धाडा. महार रेजिमेंटवाल्यांचा कागद सागरला जातो, गार्ड्सवाल्यांचा कामठीला, मराठा लाइट इन्फंट्रीचा बेळगावला. याला महिने लागतात, म्हणून दहावीपासूनची घाई. त्याच फेरीत माजी सैनिकाचे आणि मुलीचे अवलंबित म्हणून ओळखपत्र करून घ्या.

बारावीला किमान ६० टक्के हवेत. अभ्यासक्रम व्यावसायिक पदवीचा हवा: बी.ई., एमबीबीएस, बी.फार्म., बी.एस्सी. नर्सिंग, कृषी, बीसीए असे. साध्या बी.ए.ला ही शिष्यवृत्ती नाही. वडील अजून नोकरीत असतील किंवा सीआरपीएफ-बीएसएफमधून निवृत्त झाले असतील तरीही ही योजना लागू होत नाही. त्या दलांसाठी गृह मंत्रालयाची वेगळी योजना आहे.

इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरताना 'डिफेन्स' हा रकाना सोडू नका. राज्यात या गटासाठी ५ टक्के जागा आहेत.

प्रवेश झाला की पहिल्याच वर्षी अर्ज करायचा. दुसऱ्या वर्षी नव्याने करता येत नाही. केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर नोंदणी करा आणि डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, प्राचार्यांच्या सहीचे बोनाफाइड, बँकेचे प्रमाणपत्र आणि सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडा. दाखल्यांचे नमुने तिथेच मिळतात. त्याच नमुन्यात घ्या, कॉलेजच्या लेटरहेडवर मनाने लिहिलेला मजकूर चालत नाही. खाते मुलीच्याच नावाचे आणि आधारशी जोडलेले हवे. मूळ कागद घेऊन यवतमाळला पडताळणी करून घ्या. झरी-जामणी, उमरखेडच्या लोकांनी सगळ्या झेरॉक्स दोन-दोन काढून न्याव्यात, म्हणजे दुसरा हेलपाटा पडत नाही.

युद्धात किंवा सेवेत वीरमरण आलेल्यांच्या, जायबंदी झालेल्यांच्या मुलांना आधी प्राधान्य. बाकीच्यांची यादी गुणांवर लागते. मिळाली की दरवर्षी ५० टक्के ठेवून नूतनीकरण करा.

साध्या पदवीला असलेल्यांनीही निराश होऊ नये. हवालदार व त्याखालच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांपर्यंत पहिलीपासून पदवीपर्यंत शिक्षण अनुदान मिळते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ते महिना १,००० वरून २,००० रुपये झाले आहे.

तुमच्या गावात एखादी वीरपत्नी एकटीच कागदांशी झुंजत असेल, तर पुढच्या फेरीला तिचीही फाइल सोबत न्या.