शंका-समाधान : गोचीड, कुत्रा आणि घरातला ताप

शंका : आमच्या कुत्र्याच्या नाकातून रक्त आलं. तपासणीत 'एर्लिकिया' निघाला. घरात लहान नातू आहे. त्याला हा रोग लागेल का? – एक आजी, नवनगर

समाधान : कुत्र्याला कुरवाळल्याने हा रोग लागत नाही, मध्ये गोचीड असावा लागतो. एर्लिकिया कॅनिस हा मुळात कुत्र्याचा जंतू. तो पांढऱ्या पेशींत वाढतो, प्लेटलेट घसरतात, म्हणून नाकातून रक्त. माणसांत तो सापडल्याच्या नोंदी व्हेनेझुएलातून आल्या, पण त्या मोजक्याच.

नातवाची काळजी मला वेगळ्या कारणाने वाटते. कुत्र्याच्या अंगावरचा हाच तपकिरी गोचीड रिकेट्सिया कोनोरी हा जंतूही वाहून आणतो, आणि तो माणसाला आजारी पाडतो. भूमध्य समुद्राकाठच्या कोनोरीत चावल्या जागी बहुधा काळी खपली धरते. आपल्याकडचा 'इंडिका' ही खूण क्वचितच सोडतो. २००५ मध्ये जनुकांचा क्रम ताडून पाहिल्यावर हे दोन उपप्रजाती म्हणून वेगळे मांडले गेले. म्हणजे परदेशी वर्णन वाचून खपली शोधत बसलो तर इथला रोगी हातचा निसटतो. मुलाला जोराचा ताप आला, अंगावर पुरळ उठलं, विशेषतः तळहात-तळपायांवर, तर 'घरात गोचीड आहेत' हे डॉक्टरांना आपणहून सांगा. विचारण्याची वाट पाहू नका. पेनिसिलिनच्या जातीची औषधं इथे चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन चालते, आणि शंका पक्की असेल तर डॉक्टर ती लहान मुलांनाही देतात. अहवाल येईपर्यंत उपचार थांबवणं धोक्याचं.

कुत्र्याचा औषधाचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. दोन दिवसांत तो उड्या मारू लागला तरी अर्ध्यावर सोडू नका. अंगावरचा गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा, रॉकेल ओतू नये, नखाने चिरडू नये. भिंतीच्या भेगा आणि कुत्र्याच्या गोणपाटाखालची जागाही पाहा. पोट टम्म भरलेली मादी कुत्र्यावरून उतरून अशाच आडोशाला हजारो अंडी घालते.

शंका : गाईला मागे ॲनाप्लाझ्मा झाला, बरी झाली. बाहेरून दोन गाई आणल्या आणि हीच पुन्हा पडली. एकदा झालेला रोग परत कसा होतो? – एक दूधवाले, धारवाड

समाधान : रोगाचं नाव एक, पण जंतू एकच असेल असं नाही. ॲनाप्लाझ्मा मार्जिनालेच्या एका जनुकात काही तुकडे पुन्हापुन्हा येतात. त्यांची संख्या आणि क्रम गावागणिक वेगळे निघतात, आणि त्यावरूनच वाण ओळखतात. तुमच्या नव्या गाईंनी नवा वाण आणला असेल, तर जुन्या वाणाविरुद्ध कमावलेली ताकद पुरी पडत नाही. दुसरी गोष्ट अशी की बरं झालेलं जनावर बहुधा जंतू रक्तात बाळगतंच. हा जंतू आपल्या पृष्ठभागावरचं प्रथिन सतत बदलतो. शरीराने एक रूप ओळखलं की दुसरं पुढे येतं. म्हशींत लक्षणं बहुधा सौम्य असतात, म्हणून धडधाकट दिसणारी धारवाडी म्हैसही वाहक असू शकते.

एक विनंती कळकळीने करतो. लस टोचताना सगळ्या गोठ्याला एकच सुई वापरू नका. रक्ताचा थेंब सुईतून गेला तर गोचिडाशिवायही हा रोग पसरतो. नवं जनावर आणलं की आधी वेगळं बांधा, गोचीड काढा, रक्ताची काचपट्टी तपासून घ्या. आणि लघवी लाल झाली तर तो बहुधा ॲनाप्लाझ्मा नव्हे, बॅबेसिया असतो. त्याचं औषध वेगळं, तेव्हा उरलेलं इंजेक्शन स्वतः टोचू नका.

शंका : सिंधुदुर्गातल्या नातेवाइकांकडे माकडताप ऐकला. तो हाच का? – एक विद्यार्थी, हुबळी

समाधान : नाही. माकडताप, म्हणजे १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला रोग, विषाणूचा आहे. गोचीड त्यालाही कारण, पण ते जंगलातले वेगळे गोचीड, आणि डॉक्सिसायक्लिनचा तिथे उपयोग नाही. हिवाळ्यात-उन्हाळ्यात तिथल्या रानात जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, आणि परतल्यावर काख, मान, कानामागची जागा नीट तपासा.