धांवत्या गाडींतील दूरचित्र

वाशीमहून कारंज्यास जाणाऱ्या एस. टी. गाडींत बसून दूरदर्शनचें चित्र थेट हवेंतून घेतां येईल काय? विद्यार्थीमित्रहो, २०१६ सालीं दूरदर्शननें मुंबई, औरंगाबाद (आतां छत्रपती संभाजीनगर) आदि १६ शहरीं असें अंकीय प्रक्षेपण आरंभिलें. मोबाईलला डोंगल जोडून तें पाहतां येई. आपलें वाशीम त्या मनोऱ्यांच्या टप्प्याबाहेरचें, तरी गणित आपणांस करतां येईल.

टेकडीवर आपटून आलेली लहर मूळ लहरीच्या मागून पोहोंचते. म्हणून संदेश हजारों उपलहरींवर वांटतात व प्रत्येक चिन्हाआधीं थोडा राखीव काळ ठेवितात. प्रतिध्वनि त्यांत जिरतो.

आतां गाडी चालूं द्या. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढी ऐकूं येते ना, तसेंच हें. ताशीं ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदास २० मीटर. सेकंदास ५० कोटी आवर्तनांची लहर त्या वेगानें सुमारें ३३ आवर्तनें सरकते. उपलहरींत अंतर २७९ आवर्तनांचें असल्यास चित्र गोठण्याची भीति. १११६ असल्यास धक्का सहज पचतो. परंतु अंतर वाढविलें कीं चिन्हाचा काळ आंखुडतो, त्याबरोबर राखीव काळहि, आणि मग दूरच्या टेकडीचा प्रतिध्वनि पुन्हां आडवा येतो!