पाच खाटा आणि एक सिस्टर

परीक्षेत सोपे प्रश्न आधी सोडवावेत आणि अवघड प्रश्न शेवटी घ्यावेत, असा सल्ला शिक्षक तुम्हाला देतात. परीक्षेपुरता तो योग्यच आहे. कारण अवघड प्रश्न तासभर थांबला म्हणून अधिक अवघड होत नाही. रुग्णालयातील सिस्टरपुढचे प्रश्न मात्र थांबत नाहीत. ती दुसरीकडे गुंतलेली असताना त्यांतला एखादा वाढत जातो आणि काही वेळाने त्याला उत्तरच उरत नाही. मग असे प्रश्न ती कोणत्या क्रमाने सोडवते? त्यांतली कोणती कामे दुसऱ्यावर सोपवते? हे आपण एका उदाहरणावरून पाहू.

उदाहरण

समजा, एका सरकारी रुग्णालयातील पुरुषांचा वॉर्ड आहे. संध्याकाळचे सात वाजले आहेत. पाळीवर एक सिस्टर, दुसऱ्या वर्षाची एक शिकाऊ परिचारिका, एक मावशी आणि एक वॉर्डबॉय (वॉर्डात सगळे त्यांना ‘मामा’ म्हणतात) एवढेच आहेत. डॉक्टर शेजारच्या इमारतीत आहेत. नेमक्या याच वेळी पाच ठिकाणांहून मागणी येते.

खाट क्र. ३ : पायाला प्लास्टर घातलेला तरुण वेदनेने मोठमोठ्याने ओरडत आहे.

खाट क्र. ७ : मधुमेहाचा रुग्ण. त्याला सहा वाजता इन्सुलिन टोचले आहे. साडेसहाला यायची जेवणाची गाडी अजून आलेली नाही. त्याला दरदरून घाम सुटला असून तो असंबद्ध बोलू लागला आहे.

खाट क्र. ११ : दुपारी पोटाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण. अगदी शांत पडून आहे. “झोप लागलीय त्यांना,” असे त्याची पत्नी सांगते.

खाट क्र. १५ : घरी जाण्याची परवानगी मिळालेला रुग्ण. डिस्चार्ज कार्डासाठी त्याचे नातेवाईक टेबलापाशी येऊन आवाज चढवीत आहेत.

खाट क्र. १८ : आजोबांना लघवीला जायचे आहे. ते एकटेच खाटेवरून उतरू पाहत आहेत.

पुढे वाचण्यापूर्वी एका कागदावर तुमचा क्रम लिहून ठेवा. नंतर ताडून पाहता येईल.

पहिली चाळणी

सर्वांत मोठा आवाज कोणाचा, यावर क्रम ठरत नाही. कोण आधी आला, यावरही नाही. ‘कोणाला थांबणे सर्वांत कमी परवडेल?’ हा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर शरीरक्रियाशास्त्रात सापडते. मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला, तर साधारणतः चार-पाच मिनिटांत त्याच्या पेशींना इजा होऊ लागते. म्हणून श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वसन नीट चालले आहे का आणि रक्ताभिसरण ठीक आहे का, या तीन गोष्टी याच क्रमाने पाहतात. वेदना, भूक, स्वच्छता, कागदपत्रे या गोष्टी महत्त्वाच्या असल्या, तरी त्या यानंतर येतात.

आता खाट क्र. ३ कडे पुन्हा पाहा. ओरडायला काय लागते? मोकळा श्वासमार्ग, हवेने भरलेली फुप्फुसे आणि जागा मेंदू. म्हणजे ओरडणाऱ्या माणसाने पहिल्या चाळणीतील बरीचशी उत्तरे स्वतःच देऊन टाकलेली असतात. ज्याचा आवाज येत नाही, त्याच्याविषयी मात्र आपल्याला अजून काहीच कळलेले नसते.

शांत रुग्णाचे आकडे

खाट क्र. ११ च्या रुग्णाची नोंद अशी आहे. सहा वाजता नाडी मिनिटाला ८८, श्वास १६ आणि वरचा रक्तदाब १२६. साडेसहाला नाडी ९८, श्वास १८, रक्तदाब १२२. सात वाजता नाडी १२४, श्वास २६, रक्तदाब १०८.

रक्तदाब १०८ म्हणजे तसा काही वाईट नाही, असे तुम्हाला वाटेल. पण येथेच फसगत होते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. आत कोठे रक्तस्राव सुरू झाला, तर शरीर लगेच हार मानत नाही. हृदय वेगाने चालू लागते. त्वचेकडे जाणाऱ्या लहान रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे हातपाय गार पडतात. मूत्रपिंडांकडे रक्त कमी जाते, म्हणून लघवी कमी होते. श्वास वाढतो. या सगळ्या खटपटीमुळे रक्तदाब बराच काळ टिकून राहतो. एकूण रक्तापैकी सुमारे ३० टक्के, म्हणजे दीड लिटर, जाईपर्यंत तो फारसा घसरतही नाही, विशेषतः तरुण माणसात. म्हणजे रक्तदाब कोसळतो तेव्हा शरीराची शिल्लक संपत आलेली असते. नाडी आणि श्वास आधी बोलतात. रक्तदाब उशिरा बोलतो.

अशा आकड्यांना गुण देण्याची एक पद्धत ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये तयार केली आणि २०१७ मध्ये सुधारली. श्वास, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि तापमान यांतील प्रत्येकाला ० ते ३ गुण देतात; बाहेरून प्राणवायू द्यावा लागत असेल, तर आणखी २. येथे जास्त गुण म्हणजे जास्त धोका. खाट क्र. ११ चे गणित करू. श्वास २६ ला ३ गुण, नाडी १२४ ला २, रक्तदाब १०८ ला १, प्राणवायू ९५ टक्के म्हणून १. शुद्ध आणि तापमान ठीक म्हणून ०. बेरीज ७. सात किंवा अधिक गुण म्हणजे तातडीची परिस्थिती. ओरडणाऱ्या तरुणाची नाडी १०४ आहे, बाकी सर्व ठीक आहे. त्याचा गुण फक्त १.

पण गुणांवर डोळे झाकून विसंबता येत नाही. मधुमेही रुग्णाचे पाहा. नव्याने सुरू झालेल्या असंबद्ध बोलण्याचे ३ आणि नाडी ९६ चा १, मिळून ४ गुण होतात. या पद्धतीत रक्तातील साखर मोजलेलीच नाही! मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज असते आणि मेंदूपाशी त्याचा साठा जवळजवळ नसतो. इन्सुलिन टोचले आहे, जेवण आलेले नाही आणि घाम सुटला आहे, या तीन गोष्टी जोडून पाहणारे डोके आकड्यांच्या मागे असावेच लागते.

सर्वांत जाणत्याने कोठे जावे?

म्हणजे खाट क्र. ७ आणि ११, दोघांनाही थांबणे परवडणारे नाही आणि सिस्टर तर एकच आहे. क्रम लावण्याचे काम येथे संपते आणि काम सोपवण्याचे सुरू होते.

सिस्टर आधी खाट क्र. ७ पाशी अर्धा मिनिट थांबते. रुग्णाला नाव विचारते, घोटभर पाणी देऊन त्याला गिळता येते याची खात्री करते. मग शिकाऊ परिचारिकेला सांगते, “ग्लुकोमीटरवर साखर बघ आणि आकडा मला लगेच सांग. ७० पेक्षा कमी असली, तर बसवून तीन चमचे साखर पाण्यातून दे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपास. तोपर्यंत त्यांना सोडून जाऊ नको. झापड आली किंवा गिळता येईना, तर तोंडात काही घालू नको, मला हाक मार.”

जाता जाता ती मावशींना म्हणते, “मावशी, १८ नंबरच्या आजोबांना भांडं द्या. एकट्यानं उतरू देऊ नका. चक्कर आली तर तसंच आडवं करा आणि मला सांगा.” मामांना म्हणते, “मामा, ऑक्सिजनचा सिलिंडर ११ नंबरपाशी आणा आणि तिथंच थांबा, रक्ताचा नमुना घेऊन जायचा आहे.” नातेवाइकांना सांगते, “एक रुग्ण गंभीर आहे. तुमचं कार्ड अर्ध्या तासानं करते.”

खाट क्र. ३ वाटेतच आहे. तेथे ती प्लास्टरबाहेरची बोटे हाताने चाचपते. बोटे गरम आहेत, हलतात, स्पर्श कळतो. म्हणजे वेदनाशामक औषध थोडे थांबू शकेल. बोटे गार, बधिर असती, तर घट्ट प्लास्टरखाली सूज वाढून रक्तपुरवठा तुटत आहे असा संशय आला असता आणि हाच रुग्ण यादीत झटकन वर सरकला असता. या दहा सेकंदांच्या तपासणीवाचून त्याला मागे ठेवणे चूक ठरले असते.

मग ती खाट क्र. ११ पाशी पोहोचते. स्वतः तीच का? खाट क्र. ७ चा आजार ओळखता आला होता, उपायही ठरलेला होता. खाट क्र. ११ वर काय चालले आहे, हे अजून कोणालाच ठाऊक नव्हते. ज्याचे उत्तर ठरलेले आहे ते काम सोपवता येते. जेथे उत्तर शोधायचे आहे तेथे सर्वांत जाणत्या माणसाने जावे. सिस्टर पाहते : हात गार, पोट ताठ, मूत्रनळीच्या पिशवीत तासाभरात जेमतेम लघवी. ती फोनवर डॉक्टरांना खाट, शस्त्रक्रिया, सहा वाजताचे आणि आताचे आकडे सांगते आणि म्हणते, “पोटात रक्तस्राव असावा असं वाटतं. सर, लगेच या.” पोटात बांधलेली एक लहान रक्तवाहिनी सुटली होती. रुग्ण वेळेत पुन्हा शस्त्रक्रियागृहात गेला.

आता उलट गणित करू. सिस्टरने आवाजाच्या क्रमाने सर्व कामे एकटीने केली असती, तर डिस्चार्ज कार्डाला १०, इंजेक्शनला ८, साखरेला ५ आणि आजोबांना ७ अशी ३० मिनिटे गेली असती. रक्तस्राव मिनिटाला २५ मिलिलिटर धरला, तर तेवढ्या वेळात आणखी ७५० मिलिलिटर रक्त गेले असते. हा एकूण रक्ताचा १५ टक्के भाग झाला.

खरा बचाव कोठे झाला?

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? सात वाजता ती नाडी मोजली कोणी? शिकाऊ परिचारिकेने. पाळी सुरू होताना सिस्टरने तिला नुसते ‘आकडे लिही’ असे सांगितले नव्हते. “११ नंबरची नाडी ११० च्या किंवा श्वास २४ च्या वर गेला, तर वहीत लिहून थांबू नको, मला येऊन सांग,” असे सांगितले होते. पहिली सूचना पाळूनही १२४ हा आकडा वहीत पडून राहिला असता. मोजण्याचे काम सोपवता येते, पण त्या मोजण्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी सोपवता येत नाही.

अमेरिकेतील परिचर्या-मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने १९९० नंतरच्या दशकात काम सोपवण्यासाठी पाच कसोट्या मांडल्या. योग्य काम, योग्य परिस्थिती, योग्य व्यक्ती, योग्य सूचना आणि योग्य देखरेख, अशा त्या आहेत. सिस्टरने मावशींना भांडे द्यायला सांगितले, प्लास्टरची बोटे तपासायला नाही. पंधरा मिनिटांनी तिने साखरेचा आकडा पुन्हा विचारला. या कसोट्या तुम्हाला वरच्या प्रसंगात एकेक करून शोधता येतील.

विचार मात्र जुना आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लारे यांनी जखमींचा हुद्दा न पाहता जखमेची गंभीरता पाहून उपचारांचा क्रम लावला. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात ३८ परिचारिकांना घेऊन स्कुटारीला गेलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या परिचर्येवरील पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण व्यवस्थेला दिले. आपण हजर असताना जे घडते ते आपण नसतानाही घडेल अशी तजवीज करणे, हा त्याचा गाभा आहे.

करून पाहा

घड्याळ घेऊन घरातील एखाद्या माणसाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. मोजत आहात हे त्याला कळू देऊ नका. कळले की श्वासाची गती बदलते. विश्रांतीत प्रौढांचा आकडा बहुधा १२ ते २० च्या दरम्यान येईल. मग हेच काम धाकट्या भावंडाला सोपवा. कोणत्या सूचना दिल्यास त्याचा आकडा तुमच्या आकड्याशी जुळतो, ते पाहा.

विचार करा

१. पंधरा मिनिटांनी खाट क्र. ७ ची साखर वाढली नाही आणि रुग्णाला झापड येऊ लागली. आता क्रम कसा बदलेल? कोणते काम कोणाकडे जाईल?

२. “आजोबांकडे लक्ष ठेवा,” एवढेच सांगितले असते, तर पाचपैकी कोणती कसोटी चुकली असती?

३. सुरुवातीला लिहिलेला तुमचा क्रम काढून पाहा. खाट क्र. ११ कितव्या जागी होती, आणि का?