मीटरवरचे आकडे

विजेचं बिल आलं. सूनबाईनं ते सासऱ्यांच्या हाती दिलं. मामंजींनी कागद उलटा धरला, सुलटा धरला. मग म्हणाले, "शेजारच्या पोराला हाक मार. किती भरायचं ते तो सांगेल."

सूनबाई म्हणाली, "मामंजी, मी आता वर्गाला जाते. मी वाचू का?"

बिलावर दोन आकडे असतात. एक चालू रीडिंग, दुसरं मागील रीडिंग. चालूमधून मागील वजा करायचं. सूनबाईनं पाटीवर मांडलं. चालू १४६२, मागील १३७५. बाकी उरले ८७. म्हणजे ८७ युनिट वीज जळली.

मग ती मीटरपाशी गेली. हे तुम्हीही करा. मीटरवर एकामागून एक बरेच आकडे येतात. ज्याच्याजवळ के. डब्ल्यू. एच. ही इंग्रजी अक्षरं असतात, तो आकडा आपला. बिलावरच्या चालू आकड्यापेक्षा मीटरचा आकडा कमी दिसला, तर बिलात चूक आहे. पुढे गेलेलं मीटर मागं येत नाही! बिल घेऊन वीज कचेरीत जा. बोलायला भिऊ नका, आकडा तुमच्या बाजूचा आहे.

आता युनिट म्हणजे काय ते पाहू. हजार वॅटचं यंत्र एक तास चाललं, की एक युनिट जळतं. जुना पिवळा बल्ब ६० वॅटचा. रोज पाच तास लावला, तर महिन्याला ९ युनिट खातो. एलईडीचा ९ वॅटचा बल्ब जवळपास तेवढाच उजेड देतो. तो महिन्याला दीड युनिटही खात नाही. जुना बल्ब हाताला चटका देतो ना? ती वीज उजेडात न जाता उष्णतेत गेली. पैसे मात्र तिचेही भरावे लागतात. महाराष्ट्रात घरगुती वापर १०० युनिटांच्या वर गेला, की वरच्या युनिटांना दर चढा लागतो. म्हणून थोडी बचतही कामी येते.

सासूबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आम्हाला कुठं आकडे येत होते? पण आम्ही जाळ वाया घालवत नव्हतो. पुढं भाकरी, मागं वैलावर आमटी. एका जाळावर दोन कामं."

अगदी खरं. गॅसला वैल नाही, पण रीत तीच. डाळ आधी भिजत घाला, लवकर शिजते. भांड्यावर झाकण ठेवा. पाण्याला उकळी आली की आच कमी करा. मोठ्या आचेनं उकळतं पाणी जास्त तापत नाही, नुसती वाफ उडते. जाळ भांड्याच्या कडेनं वर येत असेल, तर तो गॅस फुकट गेला. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली, तर शेगडी थंड झाल्यावर बर्नरची भोकं साफ करा. आणि चूल असेल तर लाकूड वाळलेलं घ्या. ओल्या लाकडाचा बराच जीव स्वतःला वाळवण्यातच जातो. वर धूर, तो बायकांच्या डोळ्यांत.

नवा सिलिंडर लावला त्या दिवशी सूनबाईनं भिंतीवर खडूनं तारीख लिहिली. मामंजी रोज येता-जाता ती वाचतात. परवा म्हणाले, "तीस दिवस झाले गं, अजून चालू आहे."